ब्रेक ऑइल : कोणतं निवडावं, कसं बदलावं?

कोणत्या डॉट दर्जाचं ऑइल हवं, हे बहुतेक मोटारसायकलींवर ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. अमेरिकी मानकानुसार नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, तर डॉट ४ चा २३० असावा लागतो. पण ग्लायकॉलवर आधारित हे ऑइल हवेतलं बाष्प शोषतं. सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की किमान मर्यादा १४० आणि १५५ वर घसरते. मग लांब घाट उतरताना तापलेल्या कॅलिपरमध्ये वाफ धरते आणि लिव्हर दाबूनही ब्रेक लागत नाही. म्हणूनच अनेक कंपन्या दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात.

सिलिकॉनचं डॉट ५ मात्र ३, ४ किंवा ५.१ मध्ये कधीही मिसळू नये.

ऑइल सीलबंद बाटलीतलंच घ्यावं. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी जोडावी. लिव्हर दाबून धरावा, निपल सैल करून पुन्हा आवळावं, मगच लिव्हर सोडावा. स्वच्छ, बुडबुड्यांविना ऑइल येईपर्यंत हाच क्रम ठेवावा. डबी रिकामी होऊ दिली तर हवा शिरते. रंगावर सांडलेलं ऑइल लगेच भरपूर पाण्यानं धुवावं. लिव्हर घट्ट लागत नाही तोवर गाडी रस्त्यावर काढू नये.