राज्यारोहण-महोत्सव आणि डोंगरमाथ्यावरील संकेताग्नी

राजाच्या अथवा राणीच्या राज्यारोहणाचा महोत्सव आला म्हणजे डोंगरमाथ्यांवर अग्नी पेटवावयाचे ही ब्रिटनमधील प्रथा अतिप्राचीन आहे असा समज सामान्यतः आढळतो. तो अर्धाच खरा आहे. संकेताग्नी जुना आहे, आणि राजघराण्यातील शुभवार्तेनिमित्त गावोगाव होळ्या पेटविणे हेही जुनेच. परंतु या दोन भिन्न गोष्टी एकत्र येऊन देशभर एकाच रात्री अग्नींची मालिका उजळण्याचा जो योजनाबद्ध सोहळा आज ओळखला जातो, तो व्हिक्टोरिया राणीच्या उत्तरकाळातील होय.

संकेताग्नीचे मूळ कार्य युद्धविषयक होते. अग्नी एकच गोष्ट सांगू शकतो, आणि तीही आधी ठरलेली असावी लागते. किती गलबते आली, कोठे आली, हे त्याला सांगता येत नाही. ‘शत्रू आला’ एवढेच तो सांगतो. १५८८ साली स्पॅनिश आरमार इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ आले तेव्हा ही व्यवस्था उपयोगी पडली. तिचा गुण तिच्या वेगात होता आणि दोषही त्यातच होता. १८०४ च्या हिवाळ्यात, नेपोलियनच्या स्वारीची धास्ती असताना, स्कॉटलंडच्या सीमाभागातील ह्यूम कॅसल येथील पहारेकऱ्याने दूरवर दिसणारे कोळसा पाडणाऱ्यांचे जाळ इशाऱ्याचे मानून आपला अग्नी पेटविला. पुढचे अग्नी क्रमाने पेटत गेले आणि स्वयंसैनिक शस्त्रे घेऊन जमा झाले. शत्रू मात्र आलेलाच नव्हता. एकदा पेटलेला अग्नी परत बोलावता येत नाही.

जागेची निवड उंचीवर अवलंबून असते. उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळास ३.५७ ने गुणिले असता क्षितिजाचे अंतर सुमारे तितके किलोमीटर येते. मॉल्व्हर्न टेकड्यांतील ‘वुस्टरशर बीकन’ या शिखराची उंची ४२५ मीटर आहे. तेथून क्षितिज सुमारे ७३ किलोमीटरांवर पडते, आणि पलीकडचे शिखर तेवढेच उंच असेल तर तत्त्वतः दुप्पट अंतरावरचा जाळ दिसू शकतो. व्यवहारात धुके व पाऊस हे गणित मोडतात. शिखराच्या नावातच ‘बीकन’ हा शब्द टिकून राहिला आहे, यावरून जुन्या कार्याची आठवण किती खोल रुजली होती ते कळते.

१८८७ साली राणीच्या कारकीर्दीस पन्नास वर्षे झाली तेव्हा तारायंत्र सर्वत्र पोहोचलेले होते. कोणालाही कोणतीही वार्ता कळवावयाची नव्हती. तरीही २१ जूनच्या रात्री, दहाच्या सुमारास, टेकड्याटेकड्यांवर अग्नी पेटविण्यात आले. शेजारचा जाळ पाहून आपला पेटवावयाचा हा मूळ क्रम आता केवळ शोभेपुरता उरला. खरा नियंता घड्याळ झाला. या कल्पनेला मेकॉलेच्या आरमारावरील कवितेने मोठे बळ दिले असावे असे मला वाटते. तीत डोंगरामागून डोंगर पेटत जाण्याचे जे चित्र आहे, तेच त्या पिढीच्या मनात इतिहास म्हणून वसले होते. (आपल्याकडे मेकॉले आठवतो तो १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे.) त्या रात्रीकडे वेगळ्या नजरेने पाहणारेही होते. ए. ई. हाउसमनच्या १८९६ मधील संग्रहाची पहिलीच कविता या अग्नींवर आहे; परंतु तिचे लक्ष आहे ते राणीसाठी परमुलखात मरून पडलेल्या शिपायांकडे.

मितीचाही येथे विचार केला पाहिजे. व्हिक्टोरियाचे राज्यारोहण २० जून १८३७ चे; म्हणजे महोत्सवाचे दिवस आपोआपच वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसांशी आणि उत्तरायणान्ताच्या जुन्या लोकाग्नींशी जुळले. हा योगायोग पुढे रूढी बनला. एलिझाबेथ दुसरी ६ फेब्रुवारी १९५२ रोजी गादीवर आली, तरी १९७७, २००२, २०१२ आणि २०२२ या चारही महोत्सवांचे अग्नी जूनमध्येच पेटले. फेब्रुवारीची थंडी हे त्याचे एक कारण. राज्यारोहणाचा दिवस हाच तिच्या पित्याचा मृत्युदिन होता, हे दुसरे. १९७७ मध्ये विंडसर येथे राणीने स्वहस्ते पेटविलेल्या अग्नीपासून शंभरांच्या आसपास अग्नींची मालिका सुरू झाली. २०१२ मध्ये ही संख्या चार हजारांवर गेली आणि केनियातील ट्रीटॉप्स येथेही, जेथे मुक्कामी असताना ती राणी झाली होती, अग्नी पेटला. लाकडाच्या राशींच्या जोडीला आता वायूवर चालणाऱ्या मशालीही आल्या आहेत. त्यांच्यात धूर कमी आणि धोकाही कमी. पण रात्रभर राशीभोवती जमणारा गावही त्यांच्याभोवती तितकासा जमत नसावा.

मराठी वाचकाला मात्र या मालिकेतील एक रात्र परकी नाही. २२ जून १८९७ रोजी, हीरक महोत्सवानिमित्त इंग्लंडातील शिखरे उजळत होती, त्याच दिवशी गणेशखिंडीच्या गव्हर्न्मेंट हाउसवरही समारंभ होता. पुण्यात प्लेगने आणि प्लेगनिवारणाच्या सक्तीने घरे उद्ध्वस्त झालेली होती. उत्सवाला सर्व दर्जांचे युरोपीय जमतील, त्यांत प्लेग कमिटीचा प्रमुख रँडही असेल, असा दामोदर चाफेकरांचा हिशेब होता, आणि तो त्यांनी आपल्या आत्मवृत्तात नमूद केला आहे. त्या संध्याकाळच्या हकीकतीत तेथील टेकड्यांवर पेटलेल्या होळ्यांचा उल्लेख येतो. अंधार पडू लागला होता, तमाशा पाहण्यास लोकांची गर्दी लोटली होती. समारंभाहून परतताना रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावला, रँड ३ जुलैला. दामोदरपंतांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी देण्यात आले. ज्या वास्तूत तो समारंभ झाला, ती आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे.