कल्याणीचा भारश्रम

निलंग्याहून आग्नेयेला राज्याची सीमा ओलांडली की बसवकल्याण येतं. सरळ रेषेत मोजलं तर चाळीस किलोमीटरही भरणार नाहीत. आज ते कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात मोडतं. बाराव्या शतकात मात्र ती कल्याणी होती, चालुक्यांची राजधानी, आणि आजच्या लातूर-नांदेडचा मुलूख तिच्या छायेत होता. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची कोरीव देवळं त्याच काळातली. या कल्याणीच्या गादीवर ११२६ ते ११३८ या काळात सोमेश्वर तिसरा होता, आणि ११२९च्या सुमारास त्याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती, प्रत्येक विंशतीत वीस अध्याय. हत्ती कसा पारखावा इथपासून वडे कसे करावेत इथपर्यंत राजाला सगळ्यात रस. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, हेसुद्धा त्याने टिपून ठेवलं आहे. इतक्या बारीक नजरेचा हा माणूस करमणुकीच्या विंशतीत एक अख्खा अध्याय मल्लांना देतो.

तो अध्याय वाचताना मी थक्क झालो. मल्लांची प्रतवारी आहे: ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक, गोवल. वयाचा विचार आहे. ज्याच्याकडून पुढे अपेक्षा ठेवावी तो कोवळा मल्ल वेगळा, ऐन भरातला वेगळा. खुराक आहे: मांस, दूध, दही, तूप. आणि मेहनतीचे प्रकार नावानिशी दिले आहेत. चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यातला सलिलश्रम, खांबावरचा स्तंभश्रम, आणि वजन उचलण्याचा भारश्रम. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी, आपल्या शेजारच्या गावात, वजन उचलणं हा कुस्तीच्या तयारीचा स्वतंत्र, नाव असलेला भाग होता!

ते वजन पुढे तालमीत कोणत्या रूपात टिकलं, तर गदा, करेल म्हणजे जड मुद्गल, आणि नाल म्हणजे मधे मूठ असलेलं दगडी कडं. यातली गदा मला सगळ्यात विलक्षण वाटते. लांब दांडा आणि टोकाला गोल दगड, इतकंच. पण दगड दहा किलोचा धरला आणि दांड्याचं दुसरं टोक दोन्ही हातांनी, मुठींत वीतभर म्हणजे वीस सेंटिमीटर अंतर ठेवून धरलं, तर काय होतं पाहा. दगड पुढच्या मुठीपासून एक मीटरवर असेल, तर गदा आडवी तोलण्यासाठी मागच्या मुठीला पन्नास किलोइतका जोर खाली लावावा लागतो आणि पुढच्या मुठीवर साठ किलोंचा भार येतो. हे दांड्याचं वजन सोडून. म्हणजे दहा किलोच्या दगडातून लांबीच्या बळावर साठ किलो निघतात.

पण पैलवान गदा आडवी धरून बसत नाही, फिरवतो. खांद्यावर उभी असलेली गदा पाठीमागे सोडायची, ती पाठीवरून झोका घेत दुसऱ्या बाजूला जाते, तिथून ओढून पुन्हा खांद्यावर. मधला तो झोका म्हणजे लंबकच. आडव्या स्थितीतून मोकळा सुटलेला लंबक अगदी तळाशी येतो तेव्हा त्याची ओढ स्वतःच्या वजनाच्या तिप्पट असते. दांडा लांब असो वा आखूड, तिप्पटच. दहा किलोचा दगड त्या क्षणी हातांना तीस किलोंनी खेचतो, आणि पुढच्याच क्षणी तो खांद्यावर चढवायचा असतो. मनगट, खांदा आणि पाठ यांना प्रत्येक फेरीत वेगळ्या दिशेचा ताण मिळतो. आखाड्यात प्रतिस्पर्धीही असाच खेचतो, कधी इकडून कधी तिकडून. ज्या कोणी पहिल्यांदा दगडाला लांब दांडा बसवला, त्याला कुस्ती आतून कळली होती.

आता उचलायचं वजन कसं असावं, हा प्रश्न जर्मनीत कसा सुटला, ते बघण्यासारखं आहे. न्यूरेंबर्गच्या कास्पर बेर्गने असा बारबेल बनवला की दांडा फिरला तरी टोकांच्या चकत्या त्याच्याबरोबर फिरत नाहीत. १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकला तो वापरला गेला. यात मोठं काय? बारबेल जमिनीवरून खांद्यावर घेताना उचलणारा क्षणात कोपरं दांड्याखालून पुढे काढतो, म्हणजे मुठीत दांडा गरकन वळतो. चकत्या दांड्याला घट्ट असतील तर त्या जड चाकांनाही तेवढ्याच वेगाने वळवावं लागतं, आणि तो सगळा पीळ मनगटांवर येतो. चकत्या मोकळ्या केल्या की पीळ जातो, उरतं निव्वळ वजन. न्यूरेंबर्गमध्ये वजनाचा खोडकरपणा काढून टाकला, म्हणून माणसाने किती उचललं याचा चोख हिशेब करता आला. तालमीने तो खोडकरपणा मुद्दाम वाढवला, कारण तिथे किलोंचा हिशेब नकोच होता. अंगाची तयारी हवी होती. दोन्हीकडची बुद्धी मला सारखीच दाद देण्याजोगी वाटते.

या दोन वाटा एकदा एकाच शहरात आल्या. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जर्मनीच्या योझेफ मांगरने तीन प्रकारांत मिळून ४१० किलो उचलून सर्वांत वरच्या वजनगटाचं सुवर्ण घेतलं. त्याच ऑलिम्पिकच्या निमित्ताने अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेलं, बर्लिनला गेलं होतं आणि त्यांनी भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिकं दाखवली. त्यात मल्लखांब होता, म्हणजे स्तंभश्रमाचाच वंशज.

आणि कल्याणीच्या परिसराचं काय? निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडमधून हरिश्चंद्र बिराजदार आले. १९६९चे महाराष्ट्र केसरी, पुढे सत्पालसारख्या मल्लाला हरवणारे, आणि नंतर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीचे वस्ताद. त्यांच्या हाताखाली घडलेला बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकला. राहुलचे दुसरे गुरू काका पवार, अर्जुन पुरस्कार मिळवणारे, तेही लातूर जिल्ह्यातले.

काका पवारांची स्वतःची कुस्ती ग्रीको-रोमन. या प्रकारात कमरेखाली हात घालायला आणि पायाचा डाव मारायला मनाई असते. समोरच्याला धडाला किंवा बाहूंना धरूनच उचलायचं. म्हणजे वजन साठ-सत्तर किलोंचं, त्याला धरायला दांडा नाही, आणि ते वजन स्वतःच निसटायला धडपडतंय. उभ्या लढतीत असं उचलून मोठ्या कमानीने डोक्यावरून फेकलं तर एका फेकीचे पाच गुणही मिळू शकतात.