वकिलातीचा दाखला नसलेला रुग्ण

निर्वासितांच्या आरोग्याची चर्चा साथीचे रोग, कुपोषण आणि बाळंतपण यांच्यापाशीच बहुधा थांबते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या निर्वासिताचे काय करायचे, हा प्रश्न मागे पडतो, कारण त्याच्या उपचाराला औषध आणि पैसा यांखेरीज दुसऱ्या माणसाचे शरीरही लागते. अवयव-प्रत्यारोपणाच्या व्यवहारात निर्वासित खरे तर दोन्ही बाजूंना उभा असतो: अवयव देण्याची पाळी त्याच्यावर चटकन येते, मिळण्याची मात्र क्वचित.

यातली पहिली बाजू आता जगजाहीर आहे. इजिप्तमध्ये अडकलेले सुदानी आणि इरिट्रियन, लेबनॉनमधले सीरियन यांनी किडन्या विकल्याच्या नोंदी आहेत आणि त्या सर्वांमागे काम करण्याचा परवाना नसणे, पुढच्या प्रवासासाठी काढलेले कर्ज आणि पोलिसांत जाण्याची सोय नसणे ही एकच साखळी दिसते. चेन्नईजवळच्या एर्नावूर येथे २००४ च्या त्सुनामीनंतर वसवलेल्या मच्छीमार कुटुंबांतील बायकांनी किडन्या विकल्याचे २००७ मध्ये उघडकीस आले. त्या निर्वासित नव्हत्या, विस्थापित होत्या, पण दलालाला या फरकाशी कर्तव्य नसते. अशा दात्याची संमती कागदावर निर्दोष असते, तथापि नकार देणे ज्याला परवडतच नाही त्याच्या होकाराला संमती म्हणावे का, हा वाद नीतिशास्त्रात अजून मिटलेला नाही.

हा बाजार रोखण्यासाठी भारताने १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला आणि तो फेब्रुवारी १९९५ मध्ये महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश आणि केंद्रशासित प्रदेशांत सर्वप्रथम लागू झाला. जिवंत दाता शक्यतो जवळचा नातेवाईक, म्हणजे पती-पत्नी, आईवडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा किंवा नातवंडे यांपैकी असावा आणि बाहेरचा असल्यास प्राधिकार समितीने, म्हणजे व्यवहारात पैसा नाही याची खात्री करणाऱ्या मंडळाने, परवानगी द्यावी, अशी त्याची रचना आहे. २०१४ च्या नियमांनी परदेशी रुग्णांसाठी आणखी एक अट घातली: दाता आणि रुग्ण यांचे नाते त्यांच्या देशाच्या वकिलातीतील वरिष्ठ अधिकाऱ्याने नमुना २१ मध्ये प्रमाणित करावे, आणि त्या देशाची वकिलात भारतात नसेल तर त्या देशाच्या सरकारने तो दाखला द्यावा.

अडचण नेमकी इथे येते. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नसल्याने आणि तसा स्वतंत्र कायदाही नसल्याने निर्वासित हा कायद्याच्या नजरेत परदेशी नागरिकच ठरतो. त्यामुळे आपल्या सख्ख्या भावाला किडनी देऊ पाहणाऱ्या अफगाण किंवा रोहिंग्या माणसाने ज्या राजवटीपासून पळ काढला तिच्याच दारात नाव, पत्ता आणि नातेसंबंध घेऊन उभे राहायचे, मागे राहिलेल्या घरच्यांचे काय होईल ही धास्ती मनात ठेवून. तिबेटी निर्वासिताने कोणाच्या वकिलातीत जावे, हे नियम सांगत नाही. दलालाला अडवण्यासाठी घातलेले कुंपण दलाल खोट्या कागदांनिशी अनेकदा ओलांडतो. अडकतो तो खरा भाऊ.

मेंदूमृत दात्याच्या अवयवांबाबत प्रश्न रांगेचा आहे. वाटपात भारतीय नागरिक प्रथम, मग भारतीय वंशाच्या व्यक्ती आणि शेवटी परदेशी, असा क्रम असल्याने, १९८३ नंतर श्रीलंकेतून येऊन तमिळनाडूच्या छावण्यांत आयुष्य काढलेला तमिळ माणूस आणि गेल्या आठवड्यात विमानाने उतरलेला धनिक रुग्ण एकाच पायरीवर येतात. अवयव देताना मात्र नागरिकत्व आड येत नाही; जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत मरण पावलेल्या एका स्पॅनिश पर्यटक महिलेचे अवयव इथल्या रुग्णांना मिळाले. प्रत्यारोपणातील गैरव्यवहारांविरुद्धच्या इस्तंबूल घोषणापत्राच्या २०१८ च्या सुधारित आवृत्तीत देशाच्या स्वयंपूर्णतेची व्याख्या करताना ‘रहिवासी’ हा शब्द वापरला आहे, आणि निर्वासित पाहुणा नसून रहिवासी आहे, हे मान्य करायला तो पुरेसा आहे.

एक आक्षेप तरीही वजनदार आहे. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज, ठरलेल्या वेळी, जन्मभर घ्याव्या लागतात आणि रक्तातील त्यांची पातळी तपासत राहावी लागते; छावणी बदलली, परत पाठवणी झाली किंवा पैसे संपले तर अवयव गमावण्याची भीती असते, आणि तो दुसऱ्या रुग्णाला लाभला असता. मात्र ही अनिश्चितता रुग्णाच्या शरीरात नसून त्याच्या कागदपत्रांत आहे, आणि जिने ती निर्माण केली त्या व्यवस्थेने तिलाच वैद्यकीय कारण म्हणून पुढे करणे न्याय्य नाही.

निदान नात्यातल्या दानापुरता मार्ग अवघड नाही. नाते संशयास्पद वाटल्यास डीएनए चाचणी घेण्याची तरतूद नियमांना परकी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या ओळखपत्राला तिची जोड देऊन वकिलातीच्या दाखल्याला पर्याय देता येईल. नियम बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे आणि त्यासाठी मूळ कायद्याला हात लावावा लागत नाही.