आधी उलटे व्हा!

वीकेंडला मॉल नि मल्टिप्लेक्सचा कंटाळा आलाय? मग कोलाड गाठा. भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सकाळी पाणी सुटलं की कुंडलिका खळाळायला लागते. राफ्टिंग तर सगळेच करतात. मी मात्र फ्रीस्टाइल कयाकिंगच्या प्रेमात पडलेय. एकाच लाटेवर टिकून आडवी गिरकी घेतली की 'स्पिन', हवेत कोलांटी मारली की 'लूप'. स्पर्धेत एका फेरीला मिळतात फक्त ४५ सेकंद!

पण पहिला धडा 'रोल'चा. उलटलेली कयाक कमरेच्या झटक्याने सरळ करायची आणि डोकं सगळ्यात शेवटी वर काढायचं. श्वासासाठी जीव कासावीस होतो, डोकं आधी वर यायला धडपडतं आणि तिथेच कयाक पुन्हा उलटते. म्हणून हेल्मेट, लाइफ जॅकेट, सोबत प्रशिक्षक आणि सुरुवात स्विमिंग पुलात. रोल जमला की भीती जाते. मग लाट तुमचीच!