पेढीचे विसर्जन : न्यायालयाची पायरी न चढता

रविवार कारंजा असो वा लासलगाव, आपल्या समाजातील अनेक पेढ्या भावाभावांच्या भागीदारीवर उभ्या राहिल्या. पुढची पिढी निराळा व्यवसाय निवडते, एखादा भाऊ पुण्यास स्थायिक होतो आणि पेढी बंद करण्याचा विषय निघतो. अशा वेळी ‘कोर्टाशिवाय सुटका नाही’ हा समज कायद्याला धरून नाही.

भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 40 नुसार सर्वांच्या संमतीने किंवा मूळ करारानुसार भागीदारी विसर्जित करता येते. करारात मुदत वा समाप्तीची तरतूद नसेल, तर कलम 43 अन्वये एका भागीदाराने इतर सर्वांना दिलेली लेखी नोटीस पुरेशी होते. भागीदाराच्या मृत्यूनेही, करारात अन्यथा ठरलेले नसल्यास, भागीदारी संपते.

विसर्जनलेखात तारीख, त्या दिवसाचा ताळेबंद, उधारी कोणी वसूल करायची, पेढीचे नाव कोणी वापरायचे आणि मतभेद झाल्यास लवाद कोण, हे स्पष्ट लिहावे. हिशेबाचा क्रम कलम 48 मध्ये दिला आहे. समजा, मालमत्तेतून 60 लाख रुपये आले. प्रथम बँक व व्यापाऱ्यांचे 30 लाख द्यावेत. नंतर एका भागीदाराने पेढीस दिलेले 10 लाखांचे कर्ज. मग दोघांचे प्रत्येकी 8 लाख भांडवल. उरलेले 4 लाख नफ्याच्या प्रमाणात वाटावेत. भावाचे कर्ज आणि भावाचे भांडवल एकाच रकान्यात टाकले, की कलहाचे बीज पडते.

दुकानाची जागा पेढीच्या मालकीची असेल तर विशेष सावध राहावे. ज्याने ती भांडवल म्हणून आणली, त्याच्याऐवजी दुसरा भागीदार ती घेणार असल्यास महाराष्ट्रात खरेदीखताप्रमाणे मुद्रांक शुल्क लागते. प्राप्तिकराचाही विचार आधीच करावा.

बँकेत अनेक वर्षे काम केल्याने एक गोष्ट आग्रहाने सांगतो. घरात वाटणी झाली म्हणून बँकेचे देणे वाटले जात नाही. कॅश क्रेडिट फेडून, वैयक्तिक हमीतून मुक्त केल्याचे पत्र बँकेकडून लेखी घ्यावे. तसेच जाहीर सूचना होईपर्यंत एका भागीदाराने पेढीच्या नावे केलेला व्यवहार इतरांवरही बंधनकारक ठरू शकतो. म्हणून राजपत्रात व जिल्ह्यातील मराठी वृत्तपत्रात सूचना द्यावी, निबंधकांना 90 दिवसांत कळवावे. जीएसटी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज 30 दिवसांत करावा; अंतिम विवरणपत्र तीन महिन्यांत भरावे.

मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, असेल तर 2008 चा स्वतंत्र कायदा लागू होतो. एक वर्ष वा अधिक काळ व्यवसाय बंद असल्यास सर्व देणी फेडून, प्रलंबित विवरणपत्रे भरून, सर्व भागीदारांच्या संमतीने फॉर्म 24 द्वारे नाव कमी करून घेता येते.

बोलणी फिसकटलीच, तर न्यायालयाचे दार उघडे आहे. नोंदणी नसलेल्या पेढीच्या भागीदारास विसर्जनाचा वा हिशेबाचा दावा लावण्यास महाराष्ट्राच्या 1984 च्या दुरुस्तीने मनाई केली होती, व्ही. सुब्रमण्यम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. मात्र विसर्जनानंतर हिशेबाच्या दाव्यास तीनच वर्षांची मुदत असते.

संवत्सरीला आपण एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. तो शब्द मनापासून निघावा असे वाटत असेल, तर जुन्या वह्या वाचू शकणारी वडीलधारी मंडळी हयात असतानाच बसून हिशेब पूर्ण करावा आणि ताळेबंदावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात.