छोटं घर आणि पिल्लाची शू-शी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की कौतुकाचा पहिला भर ओसरतो तो त्याच्या शू-शीपाशी. वन रूम किचन असेल तर फारच पंचाईत. स्वयंपाक, झोपणं, मुलांचा अभ्यास, सगळं त्याच दोन खोल्यांत, आणि त्यातच मधोमध ओली फरशी. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं नाक घास, कुणी म्हणतं पाणी तोड, कुणी म्हणतं सोड, मोठं झालं की शिकेल आपोआप. या सल्ल्यांपायी पिल्लं भेदरतात, माणसं वैतागतात आणि काही पिल्लं शेवटी रस्त्यावर सोडली जातात. पाळलेल्या प्राण्याला असं वाऱ्यावर सोडणं हा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. बहुतेक वेळा ती वेळ येण्याचं कारणच नसतं. पिल्लाचं शरीर कसं चालतं हे समजून घेतलं की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं काम घरातल्या माणसांच्या शिस्तीचं.

गैरसमज : छोट्या घरात सवय लागूच शकत नाही, त्याला अंगण हवं.

वस्तुस्थिती : छोटं घर सोयीचंच असतं. बंगल्यात पिल्लू नजरेआड होऊन कुठल्याही खोलीत कार्यभाग उरकतं. दोन खोल्यांत ते सतत डोळ्यांसमोर असतं आणि शिकवायची सगळी संधी त्या नजरेतच आहे.

शू करण्याआधी पिल्लू खुणा देतं. खेळता खेळता एकदम थांबतं, नाक जमिनीला लावून हुंगू लागतं, एकाच जागी गोल फिरतं, किंवा सोफ्याच्या मागे, कॉटखाली जाऊ बघतं. त्या क्षणी ओरडू नका. अलगद उचला आणि ठरलेल्या जागी नेऊन ठेवा. चालवत नेलंत तर लहान पिल्लू वाटेतच सोडून देतं. ठरलेली जागा म्हणजे मोरीचा कोपरा, बाल्कनीतला ट्रे, नाहीतर रद्दीचे चार थर. जागा कुठलीही निवडा, पण रोज तीच हवी. तिथे ठेवल्यावर शांत उभे राहा, एकदाच ‘शू कर’ म्हणा आणि वाट बघा. शाबासकी आणि खाऊ द्यायचा तो पूर्ण झाल्यावर. अर्ध्यात कौतुक केलंत तर पिल्लू अर्ध्यातच थांबून तुमच्याकडे धावतं आणि उरलेली शू आत येऊन पायपुसण्यावर करतं.

पायपुसणंच का, तर पिल्लाला पाणी शोषणारा, मऊ पृष्ठभाग आवडतो. गोणपाट, गालिचा, जमिनीवर पसरलेली चादर ही त्याची पहिली पसंती. सवय लागेपर्यंत या गोष्टी उचलून ठेवल्या तर निम्मे अपघात टळतात.

गैरसमज : त्याला कळतं सगळं, मुद्दाम करतं. बघा, चेहरा कसा अपराधी!

वस्तुस्थिती : पिल्लू सूड उगवत नाही. जन्मानंतर साधारण पहिले तीन आठवडे त्याला स्वतःहून शू-शीही करता येत नाही. आई चाटते तेव्हाच होते. पुढे ते झोपायच्या जागेपासून दूर जाऊन करू लागतं, पण मूत्राशयावर पुरता ताबा यायला चार ते सहा महिने लागतात. काहींना त्याहून जास्त. ठोकळ हिशेब असा : पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, तितके तास ते फार तर धरू शकतं. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाची कमाल मर्यादा तीन तास. ही मर्यादा रोज ताणायची नसते. जागं असताना त्याला तास-दीड तासाने नेणंच बरं.

राहिला प्रश्न अपराधी चेहऱ्याचा. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच तपासलं. मालक रागावला की कुत्र्यांनी तसा चेहरा केला. प्रत्यक्षात चूक केली होती की नव्हती, याने फरक पडला नाही. खाली घातलेली मान आणि मागे ओढलेले कान ही तुमच्या चढलेल्या आवाजाला दिलेली प्रतिक्रिया असते. कबुली नव्हे.

गैरसमज : नाक घासलं किंवा दोन फटके दिले की धडा मिळतो.

वस्तुस्थिती : धडा मिळतो, पण भलताच. कुत्रा एखादी कृती आणि तिचा परिणाम यांची सांगड काही सेकंदांपुरतीच घालतो. दहा मिनिटांनी थारोळ्यापाशी ओढत नेलेल्या पिल्लाला मार कशाचा, हे उमगतच नाही. शू करताना पकडून मारलंत तर ते एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते तुमच्यासमोर ठरलेल्या जागीही करत नाही आणि तुमची पाठ वळली की कपाटामागे करून येतं. अपघात डोळ्यांदेखत झाला तर टाळी वाजवून लक्ष वेधा, उचला, जागेवर न्या. नंतर दिसला तर गुपचूप पुसून टाका.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. घंटी वाजली, पाहुणे वाकून कुरवाळू लागले, कुणी मोठ्याने बोललं आणि तिथल्या तिथे थोडी शू झाली, तर तो सवयीचा प्रश्न नसतो. आनंदाने किंवा भीतीने असं होतं, बहुतेक पिल्लांचं वयाबरोबर थांबतं, आणि रागावलं तर वाढतं. पाहुण्यांना आधी सांगून ठेवा : आल्याआल्या पिल्लाकडे बघू नका, ते शांत झालं की खाली बसून हात पुढे करा.

गैरसमज : पाणी कमी दिलं की शू कमी होते.

वस्तुस्थिती : लहान पिल्लाच्या शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हे थेट जिवावर बेतू शकतं. दिवसभर स्वच्छ पाणी समोर हवंच. वेळा बांधायच्या त्या खाण्याच्या. वाटी दिवसभर भरून ठेवण्याऐवजी ठरल्या वेळी तीन-चार वेळा खाऊ घाला आणि उरलेलं उचला. पोटात अन्न गेलं की आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून जेवणानंतर पाच ते तीस मिनिटांत शीची वेळ येते. झोपेतून उठल्यावर, खेळून झाल्यावर, जेवण झाल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी या चार वेळा कधीही चुकवू नका. गाईचं दूध मात्र टाळा. दूध सोडलेल्या अनेक पिल्लांना ते पचत नाही आणि जुलाब होत असतील तर कसली सवय लावणार?

गैरसमज : घरी आलं की लगेच खाली न्यायला लागा, बाहेरचीच सवय लागते.

वस्तुस्थिती : लसी पूर्ण होईपर्यंत सोसायटीच्या आवारात किंवा रस्त्याकडेला, जिथे अनेक कुत्रे शू-शी करतात, तिथे पिल्लाला जमिनीवर सोडू नका. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि लहान पिल्लांचा जीव घेतो. पावसाळ्यात उंदरांच्या मुतामुळे पसरणाऱ्या लेप्टो या आजाराची भर पडते. लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. नेमकं वेळापत्रक तुमचे पशुवैद्य देतील. तोवर बाल्कनी किंवा मोरी हेच त्याचं मैदान. बाहेरचं जग दाखवायला मात्र कडेवर घेऊन जरूर फिरवा. रिक्षाचा आवाज, लिफ्ट, शाळेची मुलं यांची ओळख याच वयात व्हायला हवी.

गैरसमज : एकदा कागदाची सवय लागली की जन्मभर घरातच करणार.

वस्तुस्थिती : पायाखाली काय आहे याची सवय पिल्लाला लवकर जडते, एवढं यात खरं आहे. पण ती बदलता येते. आधी कागदाची जागा दाराच्या दिशेने थोडी थोडी सरकवा, कागद लहान करत जा. बाहेर न्यायला लागलात की वास असलेला एक तुकडा बरोबर न्या आणि ठरलेल्या जागी ठेवा. बाहेर शू झाली की लगेच घरी परतू नका. नाहीतर शू म्हणजे फिरणं संपलं, असं समजून ते धरून ठेवू लागतं. पाच मिनिटं आणखी फिरवा. आणि शी उचलायची पिशवी बरोबर हवीच. मुंबईत ती न उचलणाऱ्याला महापालिका दंड करू शकते आणि सोसायटीतले निम्मे तंटे या एका पिशवीने मिटतात.

चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी, वयस्कर माणसांच्या घरांनी बाल्कनीतला ट्रे कायम ठेवला तरी काही बिघडत नाही. धो धो पावसात त्याचा उपयोगच होतो.

गैरसमज : फिनेलने पुसलं की वास गेला.

वस्तुस्थिती : वास आपल्यापुरता जातो, कुत्र्याच्या नाकाला तो तिथेच असतो आणि पुन्हा त्याच जागी बोलावतो. शिवाय काळ्या फिनेलमध्ये फिनॉलच्या जातीची रसायनं असतात. पिल्लू त्यावरून चालतं, पंजे चाटतं आणि ती पोटात जातात. ब्लीच तर वापरूच नका. मुतातल्या अमोनियाशी मिसळून त्यातून घशाला, फुफ्फुसांना त्रास देणारा वायू तयार होतो. आधी जुन्या फडक्याने दाबून टिपून घ्या, घासून पसरवू नका. मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमयुक्त क्लीनर ओता, बाटलीवर लिहिलेला वेळ राहू द्या आणि वाळू द्या. व्हिनेगर काहीजण वापरतात, पण शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीवर ते आम्ल डाग पाडतं.

गैरसमज : कामावर जाताना पिंजऱ्यात किंवा बाथरूममध्ये कोंडलं की आपोआप धरायला शिकतं.

वस्तुस्थिती : कुत्रा झोपायची जागा सहसा घाण करत नाही, म्हणून उभं राहून वळता येईल एवढा पिंजरा थोड्या वेळासाठी आणि रात्री उपयोगी पडतो. रात्री झोपेत पिल्लू दिवसापेक्षा जास्त वेळ धरतं, तरी पहिले काही आठवडे मध्यरात्री एकदा उठावं लागतं. पण आठ तास कोंडलेल्या पिल्लाला अंथरुणात करण्यावाचून गत्यंतर नसतं आणि एकदा ते अंगवळणी पडलं की स्वच्छतेची उपजत ओढच मरते. जन्मापासून गलिच्छ पिंजऱ्यात वाढवलेली विकाऊ पिल्लं म्हणूनच शिकवायला जड जातात. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीबाबतच्या २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवावं. दिवसभर घरी कुणी नसेल तर एका कोपऱ्याला जाळी लावा, एका टोकाला अंथरूण आणि दुसऱ्या टोकाला कागद ठेवा, आणि दुपारी कुणीतरी येईल अशी सोय करा.

गैरसमज : शिकलेला कुत्रा पुन्हा घरात करू लागला, म्हणजे लाडाने बिघडला.

वस्तुस्थिती : आधी पशुवैद्याकडे न्या. वारंवार थेंब थेंब शू, जोर करणं, रक्त, अचानक वाढलेली तहान ही मूत्रमार्गाच्या संसर्गाची किंवा इतर आजाराची लक्षणं असू शकतात. सहा महिने ते वर्षाच्या नर कुत्र्याने पाय वर करून ठिकठिकाणी थोडी थोडी शू केली, तर ती हद्द आखणं असते. नसबंदीने ती बऱ्याचदा कमी होते. नवीन बाळ, घर बदलणं, घरातलं माणूस दूर जाणं यांचा ताणही असा बाहेर पडतो.

शेवटी, घरातल्या सगळ्यांनी मिळून तीन गोष्टी ठरवा : जागा एकच, शब्द एकच, वेळा त्याच. आजी मोरीत नेते, मुलगा बाल्कनीत आणि बाबा ओरडतात, अशा घरात पिल्लू गोंधळणारच. वेळा लिहिलेला कागद फ्रिजवर लावा आणि शू झाली, शी झाली की पेनाने खूण करा. चार-पाच दिवसांत तुमच्या पिल्लाच्या वेळा त्या कागदावर स्पष्ट दिसतील आणि अपघाताआधीच त्याला उचलायचं केव्हा, हे तुम्हाला कळू लागेल.