मिटल्या डोळ्यांची शिकार

पूर्व ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियातल्या गोड्या पाण्याचे ओढे-नद्या हे प्लॅटिपसचं घर. काठाच्या मातीत तो बीळ खणतो. अंधारू लागलं की पाण्यात उतरतो आणि बुडी मारताच डोळे, कान, नाकपुड्या घट्ट मिटून घेतो. मग भक्ष्य सापडतं कसं? त्याच्या मऊ चोचीवर सुमारे ४०,००० विद्युतसंवेदक असतात. तळाच्या गाळात अळीचा स्नायू जरा हलला, तरी त्यातून निघणारी क्षीण वीज चोचीला कळते. मला तर हे नजरेपेक्षाही विलक्षण वाटतं! अळ्या, गांडुळं, झिंगे गालांच्या पिशव्यांत भरून तो वर येतो. प्रौढाला दात नसतात. तोंडातल्या कठीण गाद्यांवर तो घास रगडतो, कधी बारीक खड्यांसकट.